आजच्यापुरती भाकर

(नाताळच्या सुमारास झालेल्या मंडळाच्या मदतनिधी कार्यक्रमातील भाषणाचा हा मजकूर. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



कार्यकारिणीचा फोन आला तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं होतं. गणपतीत पंचवीस माणसांच्या पुरणपोळ्या लाटायला सांगा, लाटते. पण माइकसमोर उभं राहायचं म्हटलं की माझे हातपाय गार पडतात. त्यातून विषय दिला "माझी श्रद्धा आणि माझा रोजचा दिवस". इथे बसलेले बहुतेक जण गणपतीपुढे हात जोडणारे, मी रविवारी चर्चला जाणारी. पण पंचवीस वर्षांहून अधिक काळ मी या मंडळाचं मीठ खाल्लं आहे, म्हणून आले. प्रवचन करणार नाही, तेवढी माझी पात्रता नाही. घरातल्याच चार गोष्टी सांगते.

मी नगरची, म्हणजे आताच्या अहिल्यानगरची. अमेरिकन मराठी मिशनचं काम आमच्याकडे १८३१ साली सुरू झालं. पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी तिथे काम केलं. आपण तुकोबांच्या वाटेनेच ख्रिस्तापर्यंत आलो, असं ते सांगत. त्यामुळे आमच्या चर्चमध्ये पेटी-तबल्यावर टिळकांची भजनं होत, आणि नाताळात घरोघरी करंज्या, शंकरपाळे, चकल्या. दिवाळीचा फराळ संपून महिना होतो न होतो तोच आमचा फराळ सुरू! वाड्यातल्या मुलांची चैन असे.

माझी आई मुलींच्या एका वसतिगृहात मेट्रन होती. संध्याकाळी ती भाकऱ्या मोजायची आणि मोजून झाल्या की दोन बाजूला काढून ठेवायची. मी विचारायची, "या कुणाच्या?" ती म्हणायची, "जी उशिरा येईल तिच्या." बहुतेक दिवशी कुणीच उशिरा यायचं नाही. मग सकाळी त्या शिळ्या भाकरींचा कुस्करा व्हायचा आणि तो आमच्या वाट्याला यायचा. मला त्या न आलेल्या मुलीचा फार राग यायचा.

ख्रिस्ताने शिष्यांना शिकवलेली एक प्रार्थना आहे, ती आम्ही रोज म्हणतो. तिच्यात एक मागणी अन्नाची आहे. मराठी बायबलात तिथे पाव नाही, भाकर आहे. ती मागायची आजच्यापुरती, आणि मागायची "आम्हांला". वर्षाची कणगी भरून दे असं तिच्यात नाही, मला एकटीला दे असंही नाही. हे शब्द लहानपणापासून तोंडात होते, पण कळले ते इथे जर्मनीत, आणि सुखाने कळले असं म्हणता येणार नाही.

आम्ही १९९८ साली स्टुटगार्टजवळ राहायला आलो. नोंदणीच्या फॉर्मवर धर्माचा रकाना होता. मी भाबडेपणाने खरं ते लिहिलं आणि पहिल्याच पगाराला चर्चचा कर कापून आला. आपल्या बाडेन-व्युर्टेम्बेर्गमध्ये तो आयकराच्या आठ टक्के असतो. हे म्हणाले, "बघ, इथे देव पावती देऊन वर्गणी घेतो!" (आपल्या खजिनदारांनी हसू नये. त्यांच्याइतका काटेकोर मात्र तो करही नाही.)

खालच्या मजल्यावर एक जर्मन बाई एकट्या राहायच्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी आमच्या दाराला एक पाटी अडकवली. ती केरवोखेची पाटी होती. या भागातल्यांना सांगायला नको, पण बाहेरून आलेल्या पाहुण्यांसाठी सांगते: जिना झाडायची, पुसायची पाळी प्रत्येक घराकडे आठवडाभर असते आणि ज्याची पाळी त्याच्या दाराला पाटी. मला शब्द लगेच पाठ झाला, कारण नावातच केर आहे! बाई रोज जिना बघून जायच्या. मला वाटायचं, ही आपली खाष्ट सासू.

त्या नाताळात मी करंज्यांची बशी त्यांना दिली. दोन दिवसांनी बशी परत आली ती भरून, त्यांनी भाजलेल्या बिस्किटांनी. इथले लोक त्यांना गुट्सले म्हणतात. शेजाऱ्याची बशी रिकामी परत करायची नाही हे मला आईने शिकवलं होतं, त्यांना त्यांच्या आईने. तेव्हापासून आमची देवघेव सुरू झाली. अ‍ॅडव्हेंटचं चार मेणबत्त्यांचं चक्र कसं बांधायचं ते त्यांनीच मला दाखवलं. त्याची गोष्टही सांगितली. हाम्बुर्गला योहान हिनरिख विखेर्न नावाचे धर्मोपदेशक गरिबाघरच्या, रस्त्यावरच्या मुलांसाठी आश्रम चालवत. मुलं सारखी विचारायची, नाताळ कधी? म्हणून १८३९ साली त्यांनी गाडीच्या चाकावर मेणबत्त्या लावल्या आणि रोज एक पेटवायला सुरुवात केली. आज दुकानादुकानांत मिळणारी ती शोभेची वस्तू मुळात अनाथ, गरीब पोरांना दिवस मोजता यावेत म्हणून झाली! हे सांगणारी बाई स्वतः तीस वर्षांत चर्चची पायरी चढली नव्हती. आम्ही एकमेकींना "झी", म्हणजे अहो-जाहो, म्हणायचो. तब्बल बारा वर्षांनी एके दिवशी जिन्यात हात पुढे करून त्या म्हणाल्या, "आता मला 'दू' म्हण." आपल्याकडे "अगं" म्हणायला इतका वेळ लागत नाही, पण इथे तो मान असतो.

२०११ च्या फेब्रुवारीत यांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. आधी हॉस्पिटल, मग पुनर्वसन केंद्र. मुलगा चौदा वर्षांचा. घराचे हप्ते चालू. मी अर्धवेळ नोकरी करत होते. मंडळी, मी आज खोटं बोलणार नाही. त्या दिवसांत माझी प्रार्थना बंद पडली. ओठ हलायचे, पण मी देवाशी अबोला धरला होता. लोक सांगायचे, "तुझी श्रद्धा मोठी, तू निभावशील." मला ते ऐकवायचं नाही. मला पुढची वीस वर्षं एकदम दिसायची आणि छाती दडपायची.

मुलाचा कन्फर्मेशनचा वर्ग चालू होता. एका रात्री तो स्वयंपाकघरात बसून लुथरची प्रश्नोत्तरांची छोटी पुस्तिका वाचत होता. मार्टिन लुथरने ती १५२९ साली घरच्या माणसांना, मुलांना शिकवण्यासाठी लिहिली. तिच्यात विचारलं आहे की रोजची भाकर म्हणजे काय. उत्तरात लुथर नुसतं अन्न सांगत नाही, मोठी यादीच देतो. कपडे, जोडे, घर, शेत, गुरं, पैसा, चांगला जोडीदार, चांगलं सरकार, चांगली हवा, शांतता, आरोग्य. आणि यादीच्या शेवटी चांगले मित्र व विश्वासू शेजारी. मुलगा म्हणाला, "आई, शेजारी पण भाकरीत येतात?" मी वैतागून म्हटलं, "असेल. झोप आता."

दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर निघताना मला एकदम आठवलं की आपली केरवोखे कधीच येऊन गेली असणार. दाराला पाटी नव्हती. खाली गेले तर पाटी बाईंच्या दाराला, आणि आमची पाळी त्यांनी केलेली. मग लक्षात आलं, फेब्रुवारीपासून ती पाटी आमच्या दाराला लागलीच नव्हती. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई गुडघे दुखत असताना आमच्या वाटणीचे जिने पुसत होती, आणि एका शब्दाने बोलली नव्हती.

आणि तुम्ही! तुमच्यातल्या काही जणांना आठवत असेल, मंडळाने डब्यांची यादी केली होती, कुठल्या वारी कुणी डबा द्यायचा त्याची. संकष्टीला स्वतः उपाशी राहून एक मैत्रीण आमच्यासाठी वरणभात, भाजी, पोळ्या घेऊन ट्रामने यायची. एकाने यांना मराठी वर्तमानपत्र वाचून दाखवलं, दर शनिवारी, न चुकता. त्यांचा पहिला स्पष्ट शब्द आला तोही एका शनिवारी. तो देवाचं नाव वगैरे नव्हता हो, "चहा" होता! त्या दिवशी मी सगळ्यांना चहा केला आणि मोरीत जाऊन रडले. रात्री किती तरी दिवसांनी ती प्रार्थना पुरती म्हटली. तेव्हा "आज" या शब्दाचा अर्थ कळला. वीस वर्षांचं बळ मागायचंच नव्हतं. आजचा डबा आला होता, आजचा जिना पुसलेला होता, आज "चहा" म्हणून झालं होतं. आणि हे आणून देणारे हात माझ्या धर्माचे नव्हते. ज्याला मी माझी श्रद्धा म्हणत होते ती तुम्ही सगळ्यांनी खांदा देऊन धरली होती.

इथेच थांबले असते तर गोष्ट गोड झाली असती. पण पुढचंही सांगायला हवं.

बाई २०१७ साली वृद्धाश्रमात गेल्या. आमच्यापासून एस-बानने दोनच स्टेशनं. मी कबूल केलं होतं की दर रविवारी चर्चमधून थेट तुझ्याकडे येईन. सुरुवातीला गेले. मग एकाआड एक रविवार. मग चर्चमध्ये अ‍ॅडव्हेंटचा बाजार, गायनाची तालीम, धर्मादाय केक विक्री... सगळी पुण्याचीच कामं! असे पाच रविवार गेले. येशूने सांगितलेल्या दाखल्यात वाटेवर जखमी पडलेल्या माणसाला बघून याजक पलीकडच्या बाजूने निघून जातो. तो दाखला मी रविवारच्या शाळेत कितीदा शिकवला असेन. त्यालाही बहुधा कुठल्या तरी पुण्याच्या कामाचीच घाई असणार, हे कधी सुचलं नव्हतं.

सहाव्या रविवारी गेले तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि अगदी अदबीने म्हणाल्या, "झी". तुम्ही कोण? बारा वर्षांनी मिळालेलं "दू" पाच रविवारांत गेलं. आजार वाढला होता, ते होणारच होतं, असं तिथल्या नर्सने समजावलं. पण मला माहीत आहे, त्या पाच रविवारांत कधी तरी त्यांनी मला नावाने विचारलं असेल.

त्यानंतर मी दर बुधवारी जाऊ लागले. नाताळात करंजी नेली. त्यांनी ती मोडली, अर्धी खाल्ली, अर्धी माझ्यापुढे धरली आणि म्हणाल्या, "तुम्हीही घ्या." ओळख गेली होती, पण वाटून खायची सवय गेली नव्हती. २०१८ साली त्या वारल्या. त्यांच्या वाटणीची पाटी आता आम्ही ठेवली आहे. पाळी नसतानाही हे डाव्या हाताने कठडा पुसतात.

लक्ष्मीबाई टिळकांची "स्मृतिचित्रे" तुम्ही वाचली असतील. नसतील तर जरूर वाचा, हसून पोट दुखेल. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंच्या संसाराचे दोन तुकडे झाले. काही वर्षं दूर राहिल्या, रडल्या, भांडल्या, परत आल्या, आणि १९०० साली स्वतः बाप्तिस्मा घेतला. पण वाचताना मला त्यांचा तो दिवस तितका मोठा वाटत नाही. मोठं वाटतं ते त्यांनी सोवळं-ओवळं हळूहळू, स्वतःशी भांडत सोडलं आणि कुणाच्याही हातचं पाणी घेऊ लागल्या ते. श्रद्धा त्यांच्या स्वयंपाकघरात उतरली, म्हणून ती खरी वाटते.

पंडिता रमाबाईंचंही तसंच. दुष्काळात उपासमार होऊन त्यांचे आईवडील गेले होते. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुलींना घेऊन आल्या. पुण्याजवळ केडगावला "मुक्ती" उभी राहिली. त्याआधी अमेरिकेत त्यांच्या कामासाठी १८८७ साली बोस्टनला संस्था निघाली होती. तिने दहा वर्षं मदतीचा शब्द दिला. गावोगावच्या छोट्या मंडळांनी वर्षाची वर्गणी गोळा करून तो पाळला. म्हणजे रमाबाईंच्या शाळेमागेही आपल्यासारखीच मंडळं होती आणि आपल्यासारखेच खजिनदार होते.

आजचा निधी आपण ऊसतोड कामगारांच्या मुलींच्या वसतिगृहासाठी जमवतो आहोत. पाथर्डी, शेवगाव, बीडकडची ही कुटुंबं दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात. नवरा-बायको मिळून "एक कोयता". मुकादमाकडून आधी उचल घ्यायची आणि ती ऊस तोडून फेडायची. मुलीला सोबत नेलं तर शाळा सुटते. मागे ठेवलं तर काळजी, आणि मग पुष्कळदा लवकर लग्न. वसतिगृहात तिला एक कॉट, दोन वेळचं जेवण आणि दार बंद करून अभ्यास करायला जागा मिळते. माझ्या आईने बाजूला काढलेल्या दोन भाकऱ्या कुणासाठी होत्या, ते मला आता कळतं.

मी तुम्हाला मोठी रक्कम द्या असं सांगणार नाही. तुम्ही ज्या सढळ हाताने २०११ मध्ये डबे दिलेत, तो हात मी पाहिला आहे. फक्त एकच विनंती. द्याल ते यंदापुरतं न देता दर महिन्याला थोडं द्या. एका सीझनला शाळेत टिकलेली मुलगी पुढच्या सीझनलाही टिकायला हवी, आणि तिची भाकर रोजची आहे. दाराशी टेबलावर फॉर्म ठेवले आहेत. त्यांवर धर्माचा रकाना नाही, तेव्हा निर्धास्तपणे भरा!

मध्यंतरात करंज्या आहेत. दोन बश्या बाजूला काढून ठेवल्या आहेत, उशिरा येणाऱ्यांसाठी.

सर्वांना नाताळच्या शुभेच्छा. नमस्कार.