जुन्या अमेरिकन मोटारीचा जीर्णोद्धार

यंत्राला वार्धक्य येते ते झिजेमुळे. त्याचा अंत मात्र बहुधा मालकाच्या कंटाळ्यामुळे होतो. एखादा सुटा भाग मिळत नाही, जाणता कारागीर भेटत नाही, पावसाळा तोंडावर येतो, आणि ज्या गाडीतून एके काळी घरची वरात निघाली तीच गाडी ताडपत्रीखाली वर्षानुवर्षे उभी राहते. अशी गाडी पुन्हा चालती करण्याचा छंद शहरातील काही सुशिक्षित कुटुंबांतून जोपासला जातो. हा छंद खर्चाचा आहे, वेळखाऊ आहे आणि घरच्यांच्या व शेजाऱ्यांच्या सहनशीलतेची परीक्षा पाहणारा आहे, यात शंका नाही. परंतु खर्चाहूनही मोठा असा एक प्रश्न त्यात दडलेला आहे. जुनी गाडी दुरुस्त करताना ती मुळात होती तशी करावयाची, की आपल्या सोयीप्रमाणे व आवडीप्रमाणे बदलावयाची? अमेरिकन मोटारींना अनुलक्षून या प्रश्नाचा विचार येथे करावयाचा आहे.

अमेरिकन मोटार आणि काळाचौकी यांचा संबंध काय, अशी शंका कोणी घेईल. काळाचौकीहून थोड्याच अंतरावर शिवडी आहे. १९२८ साली जनरल मोटर्स या अमेरिकन कंपनीने तेथे मोटारी जोडण्याचा कारखाना उघडला, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात पहिली शेव्हरोले गाडी त्या कारखान्याबाहेर पडली. जवळच्या लालबागेत गणेश गल्लीचा सार्वजनिक गणेशोत्सवही १९२८ सालीच सुरू झाला, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे. गिरणगावाच्या एका अंगाला भोंग्यावर चालणारे जीवन, तर दुसऱ्या अंगाला बोटीने आलेल्या सुट्या भागांतून उभी राहणारी मोटार, असे त्या काळचे दृश्य होते. पुढे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून, क्रायस्लर कंपनीशी झालेल्या करारान्वये, डॉज, प्लिमथ व डी सोटो या गाड्या निघू लागल्या. १९५३ च्या सुमारास सरकारी धोरण बदलले. ज्यांना गाडीचे भाग याच देशात क्रमशः तयार करावयाचे नव्हते त्यांना नुसत्या जोडणीची मुभा राहिली नाही, आणि १९५४ साली शिवडीचा कारखाना बंद झाला. तात्पर्य, मुंबईतील पुष्कळशा जुन्या अमेरिकन गाड्या नावाने परदेशी असल्या तरी त्यांचे नट-बोल्ट आवळणारे हात येथलेच होते.

ज्यांना विशेषेकरून अमेरिकन स्पोर्ट्‌स गाडी म्हणतात त्यांची गोष्ट मात्र थोडी निराळी आहे. शेव्हरोलेची कॉर्व्हेट १९५३ च्या जानेवारीत न्यूयॉर्क येथे प्रथम लोकांपुढे आली आणि त्या वर्षी अशा अवघ्या ३०० गाड्या तयार झाल्या. सर्वांचा रंग पांढरा, आतील बैठकी तांबड्या, आणि अंग पोलादी पत्र्याचे नसून काचतंतू व राळ यांच्या मिश्रणाचे, म्हणजे फायबरग्लासचे! फोर्डची मस्टँग १९६४ च्या एप्रिलात आली. तिचे अंग पोलादी असून तळ व सांगाडा एकजीव होता. या दोन्ही गाड्यांचा जन्म शिवडीच्या उमेदीच्या काळानंतरचा असल्यामुळे त्या या देशात आल्या त्या तुरळक, आणि तयार स्थितीत. त्यामुळे मुंबईतील गृहस्थाच्या वाट्याला स्पोर्ट्‌स गाडीपेक्षा एखादी शेव्हरोले, डॉज किंवा प्लिमथ येण्याचा संभव अधिक. तथापि जीर्णोद्धाराचे नियम दोहोंनाही सारखेच लागू पडतात.

जीर्णोद्धार हा शब्द मराठी मनाला देवळावरून परिचित आहे. जाणता स्थपती ढासळलेली शिळा पुन्हा जागेवर बसवितो. नवी घडवावी लागली तर त्याच जातीच्या दगडाची घडवितो. अजाण विश्वस्त मात्र हेमाडपंती गाभाऱ्याला चकचकीत फरश्या लावून मोकळा होतो. दोघांचाही भाव श्रद्धेचाच असतो, परंतु एकाच्या हातून देऊळ वाचते आणि दुसऱ्याच्या हातून ते झाकले जाते. मोटारीचेही असेच आहे. झिजलेला भाग पूर्ववत करणे हा जीर्णोद्धार, आणि गाडीची रचनाच पालटणे हा फेरबदल.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. अमेरिकेत घरोघर गाडीपुरती खोली असते. काळाचौकीतील चाळीत किंवा अभ्युदयनगरसारख्या वसाहतीत राहणाऱ्याला ते सुख कोठून लाभणार? म्हणून येथे कामाची विभागणी करावी लागते. गाडी भाड्याच्या गाळ्यात किंवा गॅरेजमध्ये उभी करावी, आणि जी कामे टेबलावर होऊ शकतात तेवढी घरी आणावी. कार्ब्युरेटर उघडून धुणे, डॅशबोर्डावरील घड्याळे व काटे साफ करणे, वायरिंगचा नवा जुडगा जुन्याच्या मापाने बांधणे, निकेलच्या पट्ट्या उजळणे, ही कामे घरच्या मंडळींच्या मदतीनेही होतात. पेट्रोलने भाग धुण्याचा मोह मात्र घरात कटाक्षाने टाळावा, कारण त्याची वाफ स्वयंपाकघरातील ज्योतीपर्यंत पोहोचावयास वेळ लागत नाही. त्याचप्रमाणे जुन्या ब्रेकच्या व क्लचच्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असे. त्याची धूळ फुंकून उडविणे फुप्फुसांना घातक आहे. ती ओल्या फडक्याने टिपावी.

पाना हाती घेण्यापूर्वी दोन गोष्टी अवश्य कराव्या. पहिली, नोंदणीपत्रातील इंजिनाचा व चासीचा क्रमांक प्रत्यक्ष गाडीवरील क्रमांकाशी ताडून पाहावा. तो जुळत नसेल तर पुढचा सर्व खर्च वाळूत पाणी ओतल्यासारखा होतो. दुसरी, प्रत्येक भाग काढण्यापूर्वी त्याचे छायाचित्र घ्यावे आणि काढल्यावर त्याला चिठ्ठी बांधून डब्यात ठेवावा. आज जो बोल्ट कोठला हे सांगावयास नको असे वाटते, तोच सहा महिन्यांनी पूर्ण अनोळखी झालेला असतो.

वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या गाडीचे इंजिन बहुधा जाम झालेले असते. ते दोरी बांधून दुसऱ्या गाडीने ओढून सुरू करण्याचा उतावळेपणा पुष्कळांना भोवतो. अडकलेली पिस्टनरिंग त्यात तुटते आणि सिलिंडरवर ओरखडे उमटतात. त्यापेक्षा स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरात पातळ तेल सोडावे, काही दिवस मुरू द्यावे, आणि मग हँडल लावून हातानेच हळूहळू मागे-पुढे करावे. इंजिन फिरू लागले तरी टाकीतील जुने पेट्रोल, रबरी नळ्या आणि ब्रेकचे भाग तपासल्याखेरीज गाडी हलवू नये. जी गाडी चालत नाही ती निरुपद्रवी असते. जी चालते पण थांबत नाही ती साऱ्या रस्त्याचे संकट होय.

जुन्या शेव्हरोलेच्या सहा सिलिंडरांच्या इंजिनात आणखी एक मर्माची जागा आहे. १९२९ सालच्या नमुन्यापासून पुढे कित्येक वर्षे त्यातील कनेक्टिंग रॉडांचे बेअरिंग पांढऱ्या धातूचे रस ओतून घडविलेले असे. हा धातू वितळवून, साच्यात ओतून, मग लेथवर व शेवटी हाताने खरवडून शाफ्टाच्या मापाला आणावा लागतो. हे काम पुस्तक वाचून येत नाही. गिरण्यांच्या व गोदीच्या वर्कशॉपांतून ते जाणणारे फिटर पूर्वी असत. १९८२ च्या जानेवारीत सुरू झालेल्या संपानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली, तशी ही विद्याही विरत गेली.

अंगाच्या कामात मुंबईची हवा हीच मुख्य वैरीण. खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस यांच्यापुढे पत्रा टिकत नाही. तिसाव्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या शेव्हरोले गाड्यांत पत्र्याच्या आत लाकडी चौकट असे. ती कुजली म्हणजे दार लोंबू लागते, आणि मग मेकॅनिकापेक्षा सुताराची गरज अधिक पडते. मस्टँगच्या समोरील काचेखाली हवा आत घेण्याची जी पोकळी आहे तीत पाणी साचते आणि तेथून गंज थेट पायाखालच्या पत्र्यापर्यंत उतरतो. कॉर्व्हेटचे अंग गंजत नाही, परंतु ते तडकते, आणि त्याखालची चासी पोलादीच असल्याने गंजाचे भय तेथेही आहेच. रंगकामासाठी पावसाळा सर्वथा वर्ज्य समजावा. जनरल मोटर्सने १९२० नंतरच्या दशकात प्रचारात आणलेला ड्यूको हा लवकर सुकणारा रंग दमट हवेत दुधाळ पडतो. दिवाळीनंतरचे कोरडे महिने त्याला मानवतात.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. फेरबदल सर्वस्वी त्याज्य आहेत काय? तसे म्हणणे हा हट्ट ठरेल. १९६७ पूर्वीच्या बहुतेक अमेरिकन गाड्यांत ब्रेकच्या तेलाचा मार्ग एकच असे. एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक जात. तेथे दुहेरी मार्गाची योजना करणे, किंवा आसनपट्टे बसविणे, हे प्राणरक्षणासाठी आहे. फेब्रुवारी २००० पासून देशभर पेट्रोलमधून शिसे गेले, त्यामुळे जुन्या इंजिनांच्या व्हॉल्व्हच्या बैठका लवकर झिजू शकतात. इंजिन उघडलेलेच असेल तर कठीण धातूच्या बैठका बसवून घेणे शहाणपणाचे. २०२३ पासून वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल पंपांवर येऊ लागले; जुन्या रबराला ते सोसत नाही, म्हणून नळ्या व पडदे नव्या जातीच्या रबराचे घालणे क्रमप्राप्त आहे. काळाने लादलेले असे हे बदल आहेत.

याच्या उलट उदाहरणही मुंबईनेच पाहिले आहे. १९७३ नंतर पेट्रोल महागले तेव्हा पुष्कळ थोरल्या अमेरिकन गाड्यांची मूळ इंजिने काढून त्या जागी डिझेल इंजिने बसविली गेली. ज्याचे पोट त्या गाडीच्या भाड्यावर चालत होते त्याला दोष देता येणार नाही. किंबहुना त्या बदलामुळेच कित्येक गाड्या भंगारात जाण्यापासून बचावल्या. परंतु इंजिनासाठी चासी कापली गेली, आणि काढलेले इंजिन वजनावर विकले गेले, तेथे परतीची वाटच बुजली. निव्वळ हौसेखातर आज कोणी तसेच करील, तर त्याला पोटाची सबब सांगता येणार नाही.

यावरून एक व्यवहार्य नियम निघतो. जो बदल उद्या दुसऱ्या कोणाला काढून टाकता येईल तो क्षम्य, आणि जो काढता येणार नाही तो करण्यापूर्वी शंभर वेळा विचार करावा. नवे भोक पाडण्यापेक्षा असलेल्या भोकाचा उपयोग करावा, कापण्यापेक्षा आवळावे, आणि काढलेला मूळ भाग, मोडका असला तरी, तेल लावून जपून ठेवावा.

कायद्याचा रोखही साधारणपणे असाच आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे निर्मात्याने मुळात ठरविलेल्या तपशिलाशी विसंगत असा फेरबदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे स्पष्ट केले. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून अधिक वयाच्या खाजगी दुचाकी व चारचाकी गाड्यांसाठी स्वतंत्र नियम केले. चासी, अंगाचा सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसेल तरच गाडीला ‘व्हिंटेज’ म्हणून मान्यता मिळते. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये व मुदत दहा वर्षे ठरविण्यात आली. अशी गाडी प्रदर्शन, मिरवणूक-शर्यत, संशोधन, इंधन भरणे व दुरुस्ती यांसाठी रस्त्यावर आणता येते. रोजच्या जाण्यायेण्यासाठी किंवा धंद्यासाठी नव्हे. म्हणजे हौसेने केलेला अविचारी फेरबदल गाडीचे सौंदर्यच नव्हे, तर तिचा हा दर्जाही घालवू शकतो.

तथापि कायदा केवळ लोखंडाचे रक्षण करू शकतो. कसबाचे रक्षण त्याच्या हाती नाही. ३० ऑक्टोबर २०२३ रोजी मुंबईच्या रस्त्यावरून प्रीमियर पद्मिनी टॅक्सीचा निरोप झाला, तेव्हा पुष्कळांनी गाडीसाठी हळहळ व्यक्त केली. त्या गाडीचा गिअरबॉक्स फुटपाथवर बसून तासाभरात उघडणारा मेकॅनिक, पत्रा ठोकून आरशासारखा सपाट करणारा डेंटर आणि बैठकी शिवणारा कुशनवाला यांच्यासाठी हळहळणारे थोडे निघाले. मूळ गाडी मूळ पद्धतीनेच दुरुस्त करावयाचे ठरविले, तर यांपैकी प्रत्येकाला काम द्यावे लागते, आणि घरातील तरुण मुलाला त्यांच्याशेजारी उभे राहून पाहावयास मिळते. तयार इंजिन आणून बसविले तर ही संधी हुकते. जुन्या पद्धतीच्या जीर्णोद्धाराचा हा सर्वांत मोठा लाभ होय, आणि तो बाजारभावात मोजता येत नाही.

म्हणून ज्यांच्या घरी अशी गाडी ताडपत्रीखाली उभी असेल त्यांनी प्रथम एक साधी वही घ्यावी. कोणता भाग केव्हा काढला, त्याची स्थिती काय होती, तो कोणी घडविला, कोणत्या मापाने व कोणत्या धातूचा, हे सर्व तीत तारखेनिशी लिहावे. बेअरिंग ओतणारा वृद्ध फिटर भेटला तर त्याची रीत त्याच्याच शब्दांत उतरून घ्यावी, आणि तो नको म्हणत नसेल तर खाली त्याचे नावही लिहावे. गाडी पुरी होण्यास पाच वर्षे लागली तरी चालतील. ही वही मात्र पहिल्या दिवसापासून लिहिली गेली पाहिजे.