तिथीची पाऊणपट

मंडळी, मनमाडच्या व्यासपीठावर समुद्राचा विषय कशाला, असं काहींना वाटलं असेल. आपल्याकडे नळाला पाणी कधी येणार याचीच चर्चा जास्त. पण मे महिन्यात इथून अलिबाग, मुरूड, हरिहरेश्वरकडे किती गाड्या निघतात ते आठवा. किनाऱ्यावरच्या पोराला भरती-ओहोटी शिकवावी लागत नाही. आपल्याला ती कुणी शिकवलेलीच नसते.

भरतीची वेळ घरबसल्या काढता येते. कॅलेंडरात तिथी पाहा आणि तिची पाऊणपट करा. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा. म्हणजे पूर्ण भरती सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास, ओहोटी दुपारी बाराला. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. मुंबई-रायगडच्या किनाऱ्याला हा जुना हिशेब चालतो, फक्त अर्ध्या-पाऊण तासाची चूक धरायची. चंद्र पुढे सरकत राहतो म्हणून भरती रोज सुमारे 50 मिनिटं उशिरा येते. जंक्शनच्या गावात सांगायला हरकत नाही: ही गाडी रोज लेट, पण किती लेट ते आधीच ठरलेलं.

आता यातली मेख बघा. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं. पाणी सर्वांत वर चढतं आणि सर्वांत खाली उतरतं. मुंबईजवळ हा फरक चार-पाच मीटरपर्यंत जातो. वर खंभातच्या आखातात तर पाणी निमुळत्या जागेत कोंडतं आणि दहा मीटरच्याही पुढे चढतं. आणि उधाणाच्या दिवशी ओहोटी कधी? सव्वाअकरात सहा तास मिळवा. संध्याकाळचे सव्वापाच, साडेपाच. म्हणजे पुळण सर्वांत लांबवर उघडी पडते ती नेमकी सूर्यास्ताच्या तोंडाशी! आपण फोटो काढत पुढे पुढे जातो, अंधार पडतो आणि पाणी परत निघतं.

ते समोरूनच येतं असंही नाही. पुळणीला उंचवटे आणि सखल पट्टे असतात, आणि सखल भाग आधी भरतो. तुम्ही उंचवट्यावर कोरडे उभे, मागे मात्र परतीच्या वाटेवर मांडीभर पाणी. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येतं, पण तटावर रेंगाळलात तर मधली वाट बुडालेली असते. शिवाय पाणी एका चालीनं चढत नाही. पहिल्या तासात एकूण चढीचा जेमतेम बारावा हिस्सा, तिसऱ्या आणि चौथ्या तासात मिळून निम्मी चढ. चार मीटरचा फरक असेल तर त्या एकेका तासात मीटरभर पाणी. पहिला तास पाहून ‘हळूच चढतंय’ म्हणणारा तिथे फसतो.

हरिहरेश्वरची प्रदक्षिणा तुम्हाला माहीत असेल. कातळाच्या फटीतून पायऱ्या उतरून समुद्राच्या कडेनं जायचं. ही वाट फक्त ओहोटीची. पाणी चढू लागलं की तिथल्या शेवाळलेल्या कातळावर उभं राहून लाट अंगावर घेण्यात भक्ती नाही. लाटेनं माणसं ओढून नेली आहेत तिथून. पुजाऱ्यांनी ‘आत्ता नको’ म्हटलं तर देवाला लांबूनच नमस्कार करा.

उधाण नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. 1 फेब्रुवारी 2016 ला मुरूडला पुण्याच्या एका महाविद्यालयाच्या सहलीतले 14 विद्यार्थी बुडाले. त्या दिवशी चंद्र अष्टमीच्या सुमाराचा होता. म्हणजे भांग, भरती-ओहोटीचा फरक सर्वांत कमी असण्याचे दिवस. मुरूडची आठवण निघाली की मला राग येतो तो समुद्राचा नाही, स्थानिकांना न विचारता पाण्यात उतरण्याच्या आपल्या सवयीचा.

पाण्याची ओढ लागलीच तर किनाऱ्याच्या दिशेनं झुंजू नका, दम संपतो. उताणे तरंगा, हात हलवा, ओढीतून सुटेपर्यंत किनाऱ्याला समांतर सरका. दुसरा कुणी बुडत असेल तर पोहता येत नसताना उडी घेऊ नका. 112 लावा, तटरक्षक दलाचा 1554 लावा, आणि तरंगणारं काहीतरी फेका. मनमाडकराच्या गाडीत पाण्याचा रिकामा कॅन बहुतेक सापडतोच. झाकण घट्ट लावा, कडीला दोरी बांधा आणि दोरीचं दुसरं टोक हातात धरून फेका.