आनंदनगरीचा एक पानी हिशेब

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



मी रविवारी शाळेत मुलांना नेमकं काय शिकवते, हे दहा मिनिटांत सांग, असा संयोजकांचा आदेश आहे. पोटापाण्यासाठी मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. पण गेली दोन वर्षं महिन्यातून एकदा नवीन जालन्यात येते आणि आठवी-नववीच्या मुलांना व्यवसायाचा आराखडा लिहायला शिकवते. नाव मोठं आहे, काम छोटं. एक पान, पाच प्रश्न. काय विकणार? कोण घेणार? एका नगाला खर्च किती? एकही नग विकला नाही तरी होणारा खर्च किती? आणि कोणाचे किती तास लागणार?

तुम्ही म्हणाल, जालन्याच्या मुलांना धंदा शिकवायचा? ‘जालना, सोने का पालना’ हे ऐकतच आपण वाढलो. इथे सळयांचे कारखाने आहेत, मोंढा आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी इथेच भेंडीच्या बियाण्यापासून सुरुवात करून १९६४ मध्ये महिको उभी केली आणि १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. सगळं खरं. पण आपल्याच वर्गातलं आठवा. ज्यांच्या घरी दुकान होतं, त्यांना भांडवल आणि उधारी जेवता जेवता कळली. ज्यांच्या घरी पगार किंवा मजुरी येत होती, त्यांना ती कोणीच सांगितली नाही. शाळेने सांगायचं ते या दुसऱ्या मुलांसाठी.

सुरुवात मी आनंदनगरीपासून करते. आपल्या वेळेसारखीच ती आजही भरते. तीन मुलींनी भेळीचा स्टॉल लावला. २० रुपयांना एक, अशा ४० प्लेट विकल्या. गल्ल्यात ८०० रुपये. मुरमुरे, फरसाण वगैरे ३२० रुपयांचं, कागदी प्लेट ४० रुपयांच्या, टेबलाचं भाडं ६० रुपये. नफा ३८० रुपये, म्हणून टाळ्या!

मी विचारलं, कांदा, टोमॅटो, कोथिंबीर, गूळ? ‘ते घरचं होतं, मॅडम.’ त्याचे धरले ८० रुपये. उरले ३००. मग तास मोजले. आदल्या दिवशीची खरेदी, चटण्या, कापाकापी, स्टॉलवरचा वेळ आणि एकीच्या आईची मदत धरून १५ तास. म्हणजे ताशी २० रुपये. वर्ग एकदम गप्प झाला.

आमचे गणिताचे सर समोर बसले आहेत, त्यांच्यासाठी पुढचं सांगते. एका प्लेटला सामान ११ रुपयांचं, विक्री २० रुपये, हातात राहतात ९. टेबलाचं भाडं ६०. तर किती प्लेट विकल्यावर भाडं निघेल? एका मुलाने फळ्यावर ९क्ष = ६० मांडलं आणि म्हणाला, ‘सातव्या प्लेटला.’ सर, ‘क्ष म्हणजे काय’ हे त्याला कोणी समजावून सांगावं लागलं नाही.

दुसरी गोष्ट गिऱ्हाइकाची. मुलं मैत्रिणींना विचारून येतात, ‘आमची भेळ घेशील ना?’ मैत्रीण ‘हो’च म्हणणार. म्हणून मी प्रश्न बदलायला लावते. गेल्या वर्षी तू काय खाल्लंस? किती पैसे आणले होतेस, किती उरले? पुढच्या खेपेच्या ‘हो’पेक्षा मागच्या खेपेचा खर्च जास्त खरं सांगतो.

आता एका घरातली गोष्ट, त्या मायलेकींना विचारूनच सांगते आहे. त्याच तिघींपैकी एकीची आई ऑर्डरप्रमाणे शेवया करून देते. मुलीने हे पान घरी नेलं आणि आईच्या कामाचं भरायला घेतलं. आई म्हणाली, ‘मजुरी कसली धरतेस? घरचंच तर काम आहे.’ मुलीने तरीही धरली. सामान वजा जाता किलोमागे ४० रुपये उरत होते आणि किलोला दोन तास जात होते. ‘आई, आमच्या भेळीइतकेच,’ असं ती म्हणाली.

हे महत्त्वाचं का? कारण त्याच महिन्यात घरी विजेवरच्या यंत्रासाठी कर्ज काढायचं ठरत होतं. हप्ता महिना २,००० रुपये. म्हणजे नुसत्या हप्त्यासाठी ५० किलो. वहीत पाहिलं, तर मार्च ते मे महिन्याला ६०-७० किलो जात होत्या, पावसाळ्यात जेमतेम १०. हप्ता मात्र बाराही महिने. त्यांनी कर्ज थांबवलं. एक उन्हाळा शेजारच्या यंत्रावर मजुरी देऊन शेवया काढून घ्यायच्या आणि ऑर्डरी वाढतात का ते पाहायचं, असं ठरलं. हाताच्या शेवयांचा भाव किलोला २० रुपयांनी वाढवला. दोन गिऱ्हाइकं गेली, बाकीची राहिली. पुढच्या वर्षी यंत्र घेतीलही, पण आकडे पाहून घेतील.

कर्जाच्या अर्जासोबतचा प्रकल्प अहवाल आपल्याकडे बरेचदा दुसराच कोणीतरी टाइप करून देतो. सही आपली, आकडे त्याचे. चौदा-पंधराव्या वर्षी ज्या मुलीने एक पान स्वतः भरलं आहे, ती पुढे तसल्या कागदावर सही करण्याआधी निदान दोन प्रश्न तरी विचारेल. सगळ्यांनी उद्योजक व्हावं, असा माझा आग्रह नाही.

आता मागणं. बक्षीस, ढाल, देणगी काही नको. तुमच्यातले कोणी मोंढ्यात आहेत, कोणी बँकेत, कोणी स्वतःचं वर्कशॉप चालवतात. आनंदनगरीच्या आधीच्या रविवारी दोन तास या. मुलांची पानं वाचा आणि ‘हा आकडा कुठून आणला?’ एवढंच विचारा. मी बाहेरगावची झाले आहे, महिन्यातून एकदाच येते. तुम्ही इथेच आहात. नावनोंदणीची वही दारातल्या टेबलावर ठेवली आहे.