फॉरेन की चेक बंद करताय? मग हे ऐका

आज विषय छोटा आहे, पण नोकरीत हमखास समोर येणारा.

समजा, ग्राहक आणि ऑर्डर अशी दोन टेबलं आहेत. फॉरेन की म्हणजे डेटाबेसचा नियम: ऑर्डरमध्ये जो ग्राहक क्रमांक लिहिलाय, तो ग्राहक टेबलात असलाच पाहिजे. आता लाखो ओळी एकदम भरायच्या असतील, तर प्रत्येक ओळीमागे ही तपासणी होते आणि वेळ जातो. शिवाय ऑर्डर आधी भरायला गेलात, तर एररच येते.

तुम्ही म्हणाल, मग ग्राहक आधी भरू की! बरोबर, जमत असेल तर तेच करा. पण कर्मचारी टेबलात प्रत्येकाच्या साहेबाचा क्रमांक त्याच टेबलातला असतो. तिथे आधी कोण, नंतर कोण, हे लावत बसणं अवघड.

म्हणून मायएसक्यूएलमध्ये 'फॉरेन की चेक्स' शून्य करतात, डेटा भरतात आणि परत एक करतात. मायएसक्यूएल-डंपने घेतलेल्या बॅकअपच्या फाइलमध्ये ही सोय आपोआप लिहिलेली असते. एक लक्षात ठेवा, साध्या सेट कमांडने केलेला हा बदल फक्त त्याच कनेक्शनपुरता असतो. एका खिडकीत चेक बंद केला आणि डेटा दुसऱ्या खिडकीतून भरला, तर काही उपयोग नाही.

आता खरी गोम ऐका. चेक परत सुरू केला, की मायएसक्यूएल आधी भरलेल्या ओळी तपासत नाही! त्या काळात ग्राहक नसलेली ऑर्डर घुसली, तर ती गुपचूप तशीच राहते. पुढे ग्राहकांच्या नावासकट बिलांची यादी काढता, तेव्हा ती ऑर्डर गायब आणि एकूण रक्कम जुळत नाही. एरर मात्र कुठेच दिसत नाही.

उपाय सोपा आहे. लोड झाल्यावर ऑर्डरला ग्राहक टेबल लेफ्ट जॉइन करा. ऑर्डरमध्ये ग्राहक क्रमांक भरलेला आहे, पण ग्राहकाच्या बाजूला नल आलंय, अशा ओळी शोधा. त्या शून्य असतील, तरच काम झालं म्हणा.

पोस्टग्रेसमध्ये फॉरेन की काढून, डेटा भरून, ती पुन्हा जोडता येते. नेहमीच्या पद्धतीने जोडताना तो सगळ्या जुन्या ओळी तपासतो आणि चूक असेल तर सरळ नकार देतो.

थोडक्यात, दारावरचा वॉचमन थोडा वेळ हटवलात, तर आत कोण शिरलं ते मोजायचं काम तुमचं. भेटू पुढच्या भागात!