नानकटाईच्या भेगा

दिवाळी जवळ आली की नानकटाईचे, रवा केकचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू लागतात. हल्ली कित्येकजणी फोटो पाठवूनच ऑर्डरी घेतात. पण घरात खमंग भाजलेली नानकटाई फोटोत पिवळट, चपटी आणि जराशी आजारी दिसते. दोष तुपाचा नसतो, ओव्हनचाही नसतो. बहुतेकदा तो डोक्यावरच्या दिव्याचा असतो.

म्हणून फोटो दिवसा काढा आणि खोलीतले सगळे दिवे बंद करा. दिवसाचा उजेड साधारण 5500 केल्व्हिनचा, पिवळा बल्ब 2700च्या आसपासचा. दोन्ही एकत्र आले की पांढरं कशाला म्हणावं हे फोनला उमगत नाही; आयसिंग एका अंगाने निळसर, दुसऱ्या अंगाने केशरी होतं. फ्लॅशचं तर नावच नको. समोरून आदळलेला उजेड सगळ्या सावल्या पुसून टाकतो.

आणि नानकटाईत बघायचं काय असतं? भेगाच ना! ती किती खुसखुशीत आहे ते भेगाच सांगतात. ताटली खिडकीशी अशी ठेवा, की उजेड एका बाजूने, तिरका येईल. मग भेगेचा एक काठ उजळतो, आत सावली उतरते आणि वर टोचलेला पिस्त्याचा काप उठून दिसतो. थेट ऊन येत असेल तर खिडकीवर जुनं पांढरं धोतर टांगा. ताटलीच्या दुसऱ्या बाजूला पांढरा पुठ्ठा किंवा थर्माकोलचा तुकडा उभा करा आणि हळूहळू पुढेमागे सरकवत सावलीकडे बघा. ती घालवायची नाही, नुसती मऊ करायची. इथे घाई करू नका. निम्मा फोटो इथेच होतो.

गोव्याची बेबिंका मात्र वरून टिपण्यात अर्थ नाही, नुसता तपकिरी पापुद्रा दिसेल. एकेक थर भाजत केलेली मेहनत कापात दिसते. तेव्हा काप आडवा ठेवा आणि फोन पार ताटलीच्या पातळीला आणा. फार जवळ मात्र जाऊ नका, आकार बिघडतो. जरा मागे सरून दुप्पट झूम करा. त्याआधी लेन्स पुसा. स्वयंपाकघरातल्या फोनवर तुपाचं बोट उमटलेलं असतंच, आणि मग फोटोत धुकं पडतं.

रंग चढवणारे फिल्टर मला पसंत नाहीत. गिऱ्हाइकाने डबा उघडला की फोटोतलीच नानकटाई दिसायला हवी.

रात्रीच काढायचा झाला तर एकच टेबललॅम्प बाजूला ठेवा, बाकी सगळा अंधार. दिव्यापुढे बटर पेपर धरला की उजेड मऊ होतो. दिवा तापणारा, जुन्या पद्धतीचा असेल तर कागद चांगला हातभर लांब धरा.