बालकांचे दात आणि घराघरांतील आहारशिस्त

(सुवर्णमहोत्सवी वर्षात झालेल्या व्याख्यानाचा संपादित पाठ)



सुवर्णमहोत्सव हा गत पन्नास वर्षांच्या कृतज्ञ स्मरणाचा सोहळा असतो, तसाच पुढील पिढीसाठी संकल्प करण्याचाही क्षण असतो. या पिढीचे शिक्षण, संस्कार व व्यवसाय यांवर पुष्कळ बोलले जाते. परंतु तिच्या मुखातील वीस इवल्या दातांकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. ‘दुधाचेच दात, पडायचेच आहेत’ असे म्हणून विषय संपविला जातो. हा समज महागात पडतो. दुधाच्या दाढा दहा ते बारा वर्षांच्या वयापर्यंत टिकाव्यात, अशी निसर्गाची योजना आहे. त्या अकाली गेल्या तर शेजारचे दात सरकतात आणि कायमच्या दातांची जागा हिरावली जाते. शिवाय सहाव्या वर्षाच्या सुमारास, एकही दात न पडता, मागील बाजूस पहिली कायमची दाढ उगवते. तीही दुधाचीच समजून अनेक घरांत दुर्लक्षिली जाते. २००२-०३ च्या राष्ट्रीय दंत सर्वेक्षणात पाच वर्षांच्या सुमारे निम्म्या बालकांच्या दातांत कीड आढळली होती, यावरून प्रश्नाची व्याप्ती ध्यानी यावी.

दाताची कीड म्हणजे एखादी अळी नव्हे. दातांवर साचणाऱ्या चिकट थरातील सूक्ष्म जंतू साखरेचे आम्लात रूपांतर करतात. गोड पदार्थ तोंडात गेल्यापासून काही मिनिटांतच हे आम्ल दाताच्या बाह्य कवचातील, म्हणजे इनॅमलमधील, खनिजे विरघळवू लागते. पुढे लाळ ते आम्ल शमविते व गेलेली खनिजे काही प्रमाणात परत आणून बसविते. व्यापारी बांधवांच्या परिभाषेत सांगायचे तर हा रोजचा जमाखर्च आहे. खाणे हा खर्च, मधला विसावा ही जमा. हा विसावा साधारण अर्धा ते एक तास मिळावा लागतो. दर अर्ध्या तासाने एक बिस्किट, एक गोळी, एक घोट सरबत असे चालू राहिले, तर जमेची बाजू कोरीच राहते आणि अखेर खड्डा पडतो. फाटलेल्या वस्त्राला रफू करता येते. परंतु खड्डा पडलेले इनॅमल शरीर पुन्हा विणू शकत नाही.

स्वीडनमधील व्हिपेहोम येथील रुग्णालयात १९४५ नंतरच्या काही वर्षांत याविषयी एक दीर्घ अभ्यास झाला. मतिमंद रुग्णांवर, त्यांच्या संमतीविना झालेला हा प्रयोग आज निंद्य मानला जातो, आणि ते योग्यच आहे. तथापि १९५४ मध्ये प्रसिद्ध झालेले त्याचे निष्कर्ष विसरता येत नाहीत. जेवणासोबत घेतलेल्या साखरेने तुलनेने कमी हानी झाली. मात्र दोन जेवणांच्या मध्ये दिलेल्या चिकट टॉफीने दातांची वाताहत केली. साखर किती खाल्ली याइतकेच ती किती वेळा खाल्ली, हेही महत्त्वाचे ठरले.

येथे आपल्या परंपरेचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. नवकारशीची दोन घटिका, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटे, आणि मुखाला सावरण्यास लागणारा अवधी यांत किती जवळीक आहे! चौविहारात सूर्यास्तानंतर मुख रिक्त राहते. आणि निद्रेत लाळ कमी स्रवत असल्याने रात्रीचे खाणेच दातांना सर्वाधिक घातक असते. टेंभी नाक्यावरील मुनिसुव्रतस्वामी जिनालयामुळे श्रीपाळ राजा व मयणासुंदरी यांची कथा ठाणेकरांना घरची वाटते. त्या कथेशी जोडलेल्या नवपद ओळीतील आयंबिल म्हणजे एकाच बैठकीत, दिवसातून एकदा घेतलेला, साखर-गुळाविना आहार. हे नियम आत्मशुद्धीसाठी आहेत, दंतरक्षणासाठी नव्हेत. वाढत्या बालकाने उपाशी राहावे, असाही याचा अर्थ नव्हे. परंतु ठरल्या वेळी, बसून खावे आणि मधल्या वेळी मुख शांत ठेवावे, हा त्यातील धडा बालकांनाही लागू पडतो.

आज घरोघरी काय दिसते? पहाटेची लोकल पकडणारे आई-वडील, शाळेचा डबा, मग शिकवणी, मग आणखी एखादा वर्ग. आणि प्रत्येक टप्प्यावर हाती एक पुडा. तान्हुल्याला साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात देऊन निजविले जाते. खाखरा, वेफर, बिस्किटे गोड नसली तरी त्यांचा पिठूळ लगदा दाढांत अडकून राहतो. तिथीच्या दिवशी हिरवी भाजी व फळे वर्ज्य झाली की हाच कोरडा खाऊ वाढतो. गूळ, मध, खजूर, मनुका यांना ‘नैसर्गिक’ म्हटले, तरी जंतूंना तो भेद कळत नाही.

पर्याय आपल्याच स्वयंपाकघरात आहेत. कंदमुळे वर्ज्य असली तरी काकडी, सफरचंद, पेरू चावून खाता येतात. तिथीला मूग, भाजलेले चणे, शेंगदाणे, दूध व ताजे ताक आहेच. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तिची भाकरी किंवा बिनसाखरेची आंबील उत्तम. तीळ व पनीरही गुणकारी. गोड द्यायचेच तर जेवणाच्या पानातच द्यावे. तहानेला पाणी द्यावे, सरबत नव्हे. फ्लोराइडयुक्त पेस्ट तीन वर्षांखालील मुलांना तांदळाच्या दाण्याएवढी, त्यापुढे वाटाण्याएवढी पुरे. चौविहार करणाऱ्या घरांत शेवटच्या घासानंतर, सूर्यास्तापूर्वीच दात घासून घ्यावेत. सात-आठ वर्षांपर्यंत वडीलधाऱ्यांनी स्वतः लक्ष घालावे. कीड दिसलीच तर विलंब नको, मुंबईत सी.एस.एम.टी.लगतचे शासकीय दंत महाविद्यालय आणि मुंबई सेंट्रलचे नायर दंत रुग्णालय लोकलच्या टप्प्यात आहेत.

अखेरीस एक नाजूक विषय. पाठशाळेत सूत्र पाठ केले की चॉकलेट, पूजेनंतर पेढा, व्याख्यानानंतर बताशे, अशी प्रभावना प्रेमाने वाटली जाते. दात्याची भावना निर्मळच असते. परंतु ज्या हातांनी संस्कार द्यायचे, त्याच हातांनी कीड का द्यावी? लाभार्थी कुटुंबांनी प्रभावना म्हणून वही, पेन्सिल, रुमाल, दात घासण्याचा ब्रश किंवा भाजलेल्या चण्यांची पुडी दिली, तर पुण्यात तसूभरही उणीव येणार नाही. जिभेवर संयम ठेवण्याचे शिक्षण पाठशाळेत दिले जाते. ते पाठशाळेच्या दारातच विसरले जाऊ नये.

या सुवर्णमहोत्सवी वर्षात संस्थेने एवढा एक ठराव केला, तरी शतकमहोत्सवाला उपस्थित राहणारी आजची बालके आपल्याच दातांनी हसतील.

जय जिनेंद्र!