विद्यार्थी प्रतिनिधी : पद आणि सेवा

(उमरठ येथे विद्यार्थी प्रतिनिधींपुढे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजची ही सभा ज्या भूमीवर भरली आहे, तेथे नरवीर तानाजी मालुसरे यांची समाधी आहे. ४ फेब्रुवारी १६७० रोजी सिंहगडावर त्यांनी देह ठेवला आणि मढे घाटाच्या वाटेने त्यांचे पार्थिव उमरठला आणले गेले, असे परंपरा सांगते. मुलाचे लग्न मागे ठेवून ते मोहिमेवर निघाले, ही कथा येथील बालकांनाही मुखोद्गत आहे. परंतु त्या कथेतील एक गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. सुभेदारांनी माणसांना पुढे धाडून स्वतः पायथ्याशी हुकूम सोडले नाहीत. तेही त्याच कड्यावर, त्याच दोराने चढले.

अलीकडे व्यवस्थापनशास्त्रात ‘सेवक-नेतृत्व’ हा शब्द रूढ झाला आहे. अमेरिकेतील रॉबर्ट ग्रीनलीफ यांनी १९७० साली एका निबंधातून तो मांडला. आधी सेवेची ओढ असावी आणि नेतृत्व तिच्यातून उगवावे, असे त्यांच्या प्रतिपादनाचे सार आहे. त्यांना ही कल्पना सुचली ती हेर्मान हेसे यांच्या एका कथेतील लिओ या सेवकावरून. लिओ यात्रेकरूंचे सामान वाहतो, त्यांची किरकोळ कामे करतो. तो नाहीसा होताच सारी यात्रा विस्कटते. जैन परंपरेला हा विचार अपरिचित नाही. आभ्यंतर तपांत वैयावृत्त्य, म्हणजे सेवाशुश्रूषा, हे एक तपच मानलेले आहे.

शाळा-महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलाला कडा चढावयाचा नसतो हे खरे. मग त्याचे नेतृत्व कशात दिसावे? यासाठी फार दूर जावयास नको. महाड तालुक्यातील लाडवली गावी १९०३ साली रामचंद्र बाबाजी मोरे यांचा जन्म झाला. कोवळ्या वयात त्यांनी शिष्यवृत्ती मिळविली. परंतु अस्पृश्य म्हणून महाडच्या इंग्रजी शाळेचे दार त्यांना बंद होते. त्या मुलाने वृत्तपत्राकडे पत्र पाठवून हा अन्याय जगापुढे ठेवला. प्रवेश मिळाला, तोही वर्गाबाहेर बसून शिकण्याच्या अटीवर!

एवढे सोसल्यावर स्वतःपुरती नोकरी पाहून तो स्वस्थ बसला असता, तर कोणी दोष दिला नसता. पुढे महाडच्या बाजारात अस्पृश्यांसाठी चहाचे एक दुकान सुरू झाले. खेड्यांतून येणाऱ्या माणसांना तेथे निदान घोटभर पाणी मिळे. मोरे यांचे बसणे-उठणे तेथेच असे आणि अडल्यानडल्यांचे अर्ज ते लिहून देत. १९ व २० मार्च १९२७ रोजी महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली आणि चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला, त्यामागे मोरे यांची ही खटपट होती. अनंतराव चित्रे, सुरेंद्रनाथ टिपणीस हे सवर्ण समाजातील सहकारीही बरोबर होते. परिषदेच्या मंडळींना पिण्याच्या पाण्यासाठी ४० रुपये मोजावे लागले, अशी नोंद आहे. भर गावात तळे असताना पाणी विकत घ्यावे लागले! इतिहासाच्या पुस्तकात सत्याग्रहाची तारीख येते. पाण्याची सोय कोणी केली, धान्य कोणी गोळा केले, हे येत नाही.

दुसरे उदाहरण जैन समाजाच्या घरातलेच आहे. कर्मवीर भाऊराव पाटील हे कुंभोजचे; जन्म २२ सप्टेंबर १८८७. कोल्हापुरात जैन बोर्डिंगमध्ये राहून शिकत असताना, १९०८ च्या सुमारास, ते अस्पृश्य मुलांसाठी निघालेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास गेले. परत आल्यावर स्नान करून मगच भोजनगृहात यावे, असे त्यांना सांगण्यात आले. त्यांनी नकार दिला. परिणामी बोर्डिंग सुटले. कर्मवीरांचा अभिमान समाजाने अवश्य बाळगावा. मात्र त्यांना बाहेर काढले तेही समाजाच्याच वसतिगृहाने, हे सांगताना आवाज खाली जाऊ नये.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. सेवा म्हणजे मान खाली घालून प्रत्येकाचे ऐकणे नव्हे. मोरे यांनी पत्र लिहिले, भाऊरावांनी स्नान नाकारले. दुसऱ्याचे ताट उचलावयास जो लाजत नाही, त्यालाच ‘हे होणार नाही’ असे ठामपणे म्हणण्याचा अधिकार येतो.

भाऊरावांचे औपचारिक शिक्षण इंग्रजी सहावीच्या पुढे गेले नाही. तथापि १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह काढले. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे ‘छत्रपती शाहू बोर्डिंग’ असे नामकरण झाले. महाडची परिषद त्यानंतर महिन्याभराच्या आतच भरली. त्या बोर्डिंगात सर्व जातींची मुले एका पंगतीत जेवत आणि कामेही वाटून घेत. अन्नधान्य संपले तेव्हा पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. शेवटी मंगळसूत्रही दिले. १९३० साली त्या निवर्तल्या. आज संस्थेचा विस्तार वटवृक्षाएवढा झाला आहे. त्याच्या मुळाशी त्या माऊलीचे सोने आहे.

विद्यार्थी प्रतिनिधीचे काम याहून पुष्कळ लहान आहे. वर्गात एखादा मुलगा आठ दिवस दिसला नाही, तर त्याच्या वाडीवर जाऊन कारण विचारणे. फीसाठी अडलेल्याचा अर्ज त्याच्या शेजारी बसून लिहिणे. सहलीच्या हिशेबाची वही सर्वांपुढे उघडी ठेवणे. कापडाच्या पेढीवर जो मालक स्वतः ताके उलगडतो आणि स्वतःच घडी घालतो, त्याच्या पेढीवर नोकर टिकतात आणि गिऱ्हाईकही टिकते, हा बाजारातला जुना अनुभव आहे. निवडणुकीत हार घालून घेण्यास सारेच पुढे असतात. स्नेहसंमेलन आटोपल्यावर मात्र सभागृहात शिपाई एकटाच उरतो.

असो. वेळ बराच झाला आहे. आजच्या कार्यक्रमानंतर या सतरंज्या कोणी गुंडाळावयाच्या, त्याची यादी अद्याप झालेली नाही, असे समजते.